सुरैय्याच्या डोळ्यांखालचं काळं

सुरैय्याला मी एकूण चार गोष्टी करायला लावल्या. त्यातल्या तीन बरोबर होत्या. चौथीने तिच्या डोळ्यांचं वाटोळं होता होता राहिलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांना नावं ठेवणार आहे आणि त्या यादीतून मला वगळायचं काही कारण नाही.

सुरैय्या अकोल्यात आमच्या गल्लीत, माझ्या घरासमोरच राहते. वय त्रेचाळीस. माहेर बाळापूरचं. तिची आई आरीचं काम करायची आणि तेच हिच्या हातात उतरलं. आरी म्हणजे टोकाला बारीक आकडा असलेली सुई. लाकडी चौकटीवर कापड ढोलाच्या कातड्यासारखं ताणून बसवायचं, त्या चौकटीला ते लोक अड्डा म्हणतात. मग वरून आरी खुपसायची, खालून दुसऱ्या हाताने जर द्यायची आणि टाका वर ओढून घ्यायचा. एक मोर भरायला दोन दिवस जातात. अकोल्या-अमरावतीपासून पार नांदगाव खंडेश्वरपर्यंतच्या किती मुली तिच्या हातचा ब्लाउज घालून बोहल्यावर चढल्या, हे तिलाही सांगता यायचं नाही.

अकरावी-बारावीला ती माझ्या वर्गात होती. मी जीवशास्त्र शिकवत असे. मानवी डोळ्याची आकृती फळ्यावर माझ्यापेक्षा ती चांगली काढायची. बारावीचा निकाल लागला आणि पंधरा दिवसांत नासिरशी लग्न लागलं. मी चिडले होते, पण बाईंच्या चिडण्याने कोणाचं लग्न थांबलंय? नासिर माणूस वाईट नाही. बाजारात त्याचं अस्तर, लेस, बटणं, जरीची रिळं असं लहानसं दुकान आहे. बायकोच्या कारागिरीचा त्याला अभिमान आहे. ती कारागिरी चालते कशी, हे बघायला मात्र तो कधी पाच मिनिटं बसला नाही. मी बसत होते, रोज दुपारी चहाला. त्याचा काय उपयोग झाला तेही सांगते.

तीन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. नुसतं काळं असतं तर मी म्हटलं असतं, वय झालं. पण सकाळी पापण्या सुजलेल्या असायच्या, कडेची कातडी कोरडी पडून तिचे पापुद्रे निघायचे, आणि हात सारखा डोळ्याकडे. चोळ, चोळ, चोळ. आपल्याकडे माणसाच्या तोंडावर काही उगवलं की अख्खी गल्ली वैद्य होते. कोणी काकडीच्या चकत्या सांगितल्या, कोणी बटाट्याचा रस, कोणी थंड चमचे, कोणी दुधाची साय. तिने सगळं केलं.

“मॅडम, भाजीवाल्याची गाडीच लावली म्या डोयाले,” एक दिवस ती म्हणाली. “आता फक्त फुलगोबी राह्यली.”

मला हसू आलं आणि राग तर आलाच. विज्ञान शिकलेली बाई! मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे तिचं रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन नऊ. घरातल्या सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरेल ते खाणाऱ्या बाईचं असायचं तेवढंच. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दुसरी गोष्ट, दिवा. ती स्वतःच्याच सावलीत टाके घालत बसायची. दिवा डावीकडून, हाताच्या वर आणायला लावला, आणि दर वीस मिनिटांनी खिडकीतून पलीकडच्या लिंबाकडे बघायची सक्ती केली. तिसरी गोष्ट, चष्मा. तिथे मात्र तिने पाय रोवले.

“चष्मा नाई लावत. गिऱ्हाईक म्हनन, कारागीर गेली कामातून.”

“आणि अशी डोळे मिचकावत बसलीस तर काय म्हणेल?”

“म्हनन, बाई लाजून राह्यली.”

शेवटी लावला. आठवडाभरात डोकेदुखी थांबली, गोळ्यांनी तोंडावर रंग आला. पण पापण्यांची सूज आणि खाज तशीच. आता माझ्यासारख्या बाईला काय वाटणार? आपण सांगितलेलं सगळं बरोबर आहे, तरी गुण येत नाही, म्हणजे रोगीच लबाड.

“तू झोपत नाहीस.”

“धा वाजता झोपतो मॅडम. नासिरले इचारा.”

“मग मोबाइल बघतेस.”

“मोबाइल अरीबाच्या हातातून सुटला तं मी पाह्यन न!” अरीबा तिची मुलगी, तेव्हा बारावीला होती.

माझा विश्वास बसला नाही. वैतागून मी चौथी गोष्ट केली. माझ्या भावाची मुलगी दामिनी हिचं ब्यूटी पार्लर आहे. सुरैय्याला म्हटलं, “जा तिच्याकडे, जरा चेहऱ्यावरून हात फिरवून घे. बाई आहेस, नुसती सुई नाहीस.” दामिनीला फोनही केला. ती म्हणाली, “आत्या, दहा दिवसांनी बघच.”

दहा दिवसही लागले नाहीत. सहाव्या दिवशी सूज गेली, खाज गेली, काळं फिकं पडलं. दामिनीने एक पांढरी डबी दिली होती, रोज मुगाएवढं क्रीम पापणीवर आणि डोळ्याखाली लावायचं. मी गल्लीत छाती काढून फिरले. माझी पुतणी, माझा सल्ला! काकडीवाल्यांना मुद्दाम बोलावून सुरैय्याचं तोंड दाखवलं. आठ महिने असे मजेत गेले. मधे दोनदा डबी संपली तेव्हा चार दिवसांत सगळं दुप्पट होऊन परत आलं. त्याचा अर्थ आम्ही काय काढला, तर क्रीम गुणकारी आहे, थांबवायचं नाही.

मग नासिर तिच्या चष्म्यावर बसला.

चांगलं झालं बसला ते. नवा चष्मा करायचा म्हणून तिला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नंबर काढला आणि डोळ्यांचं प्रेशर मोजलं. पुन्हा मोजलं. मग बाहुली मोठी करायचे थेंब घातले, आत बघितलं, आणखी एक तपासणी करायला लावली. दोन्ही डोळ्यांचं प्रेशर बरंच वाढलेलं होतं, आणि डाव्या डोळ्याच्या नसेला थोडा धक्का पोचला होता.

“मले तं काईच होत नाई,” सुरैय्या म्हणाली. “दुखत नाई, काई नाई.”

“यात दुखत नाही,” डॉक्टर म्हणाले. “नजर कडेकडेने खात येते, कळतही नाही. आणि गेलेली परत येत नाही. डोळ्यात किंवा डोळ्याजवळ काही औषध, मलम वगैरे लावता का?”

“नाई.”

ठामपणे, ताडकन. मी शेजारी बसलेली. मलाही ती डबी आठवली नाही. आजही यावर विचार केला की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

थेंब सुरू झाले.  परतताना रिक्षा घरापाशी थांबली तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, आंधयी झाली तं आरी कशी चालवू व मी? मले दुसरं येते काय?”

तिला दुसरं काही येत नाही हे खरं नाही. तिला फळ्यावर डोळा काढता येत होता. पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

महिन्याने पुन्हा तपासणी. प्रेशर जेमतेम उतरलेलं. डॉक्टरांच्या कपाळाला आठी. थेंब वाढवले. त्याच दुपारी मी तिच्या अड्ड्याशेजारी चहा घेत बसले होते. तिने काम थांबवलं, हात-तोंड धुतलं, फळीवरची पांढरी डबी काढली आणि आरशात बघत शांतपणे पापणीवर बोट फिरवायला लागली.

माझा चहा कपातच राहिला.

“सुरैय्या, हे काय आहे?”

“दामिनीची क्रीम.”

“डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नाही म्हणालीस!”

“त्यायनं औषध इचारलं मॅडम. हे तं पार्लरचं व्हय.”

यावर कोणी काय करावं? मी तशीच उठले आणि दामिनीकडे गेले. भर दुपारी पार्लरमध्ये एक बाई तोंडाला लेप लावून पडली होती. मी दारातूनच विचारलं, “डबीत काय घालतेस?”

“आत्या, हळू. आपलं कोरफडीचं जेल असतं त्यात.”

“आणि?”

“आणि दोन ट्यूब मिसळते. सगळेच वापरतात. मी पण लावते.”

ट्यूब मागितली. चष्मा पुसून बारीक अक्षरं वाचली. एका ट्यूबमध्ये चांगलं जोरकस स्टिरॉइड. वर लाल पट्टीत छापलेलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये.

“चिठ्ठी कुठाय?”

“मेडिकलवाला कुठे मागतो चिठ्ठी?”

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ कातडी. तिच्यावर रोज स्टिरॉइड चोळलं की ते डोळ्यापर्यंत पोचू शकतं, आणि कोणाकोणाचं प्रेशर त्याने चढतं. दामिनीचं तोंड पडलं. लेपवाली बाई उठून बसली आणि “मला काय लावलंय हो?” म्हणून विचारायला लागली. तेवढ्यात दामिनी म्हणाली, “पण आत्या, तिला माझ्याकडे पाठवलं कोणी? तूच म्हणालीस ना, काहीतरी कर?”

मी ती ट्यूब पर्समध्ये टाकली आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना गाठला. 

डोळ्यांच्या डॉक्टरांनी क्रीम त्या दिवशीच बंद करायला सांगितलं, थेंब चालू ठेवले आणि कातडीच्या डॉक्टरला दाखवा म्हणाले. अमरावतीला एक चांगल्या डॉक्टरीण आहेत, त्यांची वेळ मिळाली बारा दिवसांनंतरची. ते बारा दिवस! क्रीम सुटलं आणि सुरैय्याचे डोळे भजी फुलावीत तसे फुलले. लाल, ओलसर, आग होणारे. थंड पाण्याच्या घड्या ठेवायची, तासभर बरं वाटायचं. लग्नसराई तोंडावर, अड्ड्यावर तीन ब्लाउज ताणलेले, आणि ही एक डोळा अर्धवट उघडून मोराची पिसं भरते आहे.

नवव्या दिवशी नांदगाव खंडेश्वरहून वच्छलाबाई आल्या. मुलीच्या शालूवरचा ब्लाउज त्यांनी हिच्याकडे टाकला होता. घरची कोरडवाहू काळी जमीन, मोठं खटलं, बाई बोलायला गोड. दारातच थबकल्या.

“अव माय! डोये आले का व तुमचे?”

“नाई ताई, अलर्जी व्हय. लागत नाई दुसऱ्याले.”

“असन माय, असन. पन लग्नाचं घर हाय. लेकराबायायचे डोये आले तं मी कोनाकोनाले सांगू?” असं म्हणत त्यांनी कापड आणि शालूचा तुकडा पिशवीत घालून घेतला. चांगल्या शब्दांत, तिच्या तब्येतीची चौकशी करत, कापड काढून नेलं.

त्या गेल्या आणि सुरैय्या उठून फळीपाशी गेली. डबी तिथेच होती. टाकली नव्हती.

“ठेव ती खाली,” मी म्हटलं.

“चार दिवस लावतो मॅडम. सीझन निघाला का सोडतो.”

“दहा दिवसांसाठी म्हणून सुरू केलंस आणि आठ महिने लावलंस.”

“तवा तुमीच म्हनत होत्या, लाव! गल्लीभर दाखवत होत्या मले!” ती माझ्यावर पहिल्यांदाच ओरडली. “तुमचं काय जाते बोलायले? तुमाले कोनी पाह्यत नाई. माह्या तोंडाकडे पाहून लोकं काम देतात. आज एक गेली, उद्या दुसरी जाईन. डोये राह्यले आन कामच नाई राह्यलं, तं त्या डोयाचं लोनचं घालू?”

“आणि काम राहिलं आणि डोळे गेले तर?”

ती झाकण उघडून डबी हातात धरून उभी राहिली. क्रीमचा गुलाबाचा वास माझ्यापर्यंत येत होता. मग अड्ड्यापाशी गेली, चष्मा लावला, डावा डोळा हाताने झाकला आणि मोराकडे बघितलं. मग उजवा झाकून बघितलं. असं दोन-तीनदा. त्यानंतर झाकण घट्ट लावून डबी माझ्या हातात दिली.

“घेऊन जा. घरात राह्यली तं मी लावीन. मले माह्यावर भरोसा नाई.”

डबी घेऊन मी घरी आले. इतक्या वर्षांत मी कोणाला दिलेल्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा ते वाक्य शहाणं होतं.

अमरावतीच्या बसमध्ये ती ओढणी तोंडावर ओढून बसली. डॉक्टरीणबाईंनी पापण्या बघितल्या, डबीची हकिगत ऐकली आणि मला विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. “ताई, दिवसभर तुमच्या हातांना काय काय लागतं?”

सुरैय्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. जर, मणी, टिकल्या, मेण. “आन खाका करतो तवा टरपेंटाईन.”

“खाका म्हणजे?”

तिने समजावलं. कागदावर नक्षी काढायची, रेघेवरून सुईने भोकं पाडायची. तो कागद म्हणजे खाका. तो कापडावर ठेवायचा, पांढरी पावडर टरपेंटाईनमध्ये कालवून चिंधीच्या बोळ्याने वरून घासायची, की भोकांतून नक्षी खाली उतरते. “पयले घासलेट घेत होतो. रेशनवर मियनं बंद झालं, तं पेंटवाल्याकडून टरपेंटाईन आनतो.”

“किती दिवस झाले?”

“असतील तीनक वर्सं.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी या एकेका वस्तूचा अंश लावून तिच्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवसांनी परत बोलावलं. बाकीच्या जागा साफ होत्या, टरपेंटाईनच्या जागी लालभडक चट्टा. बोळा घासायचा, चिंधीला हात पुसायचा, घाम आला की त्याच हाताने डोळा चोळायचा. तळहाताची कातडी जाड, तिला काही होत नाही. पापणी बिचारी सोसते. खाजलं की चोळायचं आणि चोळून चोळून काळं पडायचं. म्हणजे दामिनीचं क्रीम वरून आग विझवत होतं आणि ही रोज हाताने नवी काडी लावत होती.

परतीच्या बसमध्ये तोंड लपवून बसायची पाळी माझी होती. तीन वर्षं मी त्या अड्ड्याशेजारी चहा पीत होते. “सुरैय्या, काय घाण वास येतो गं, खिडकी उघड,” असं मीच कितीदा म्हटलं असेन. वासाला नावं ठेवली आणि त्या वासाचे हात कुठे जातात ते बघितलं नाही. नासिरला मी उगाच बोलत होते. तो तिथे बसत नव्हता, मी बसून आंधळी होते.

आता खाका नासिर करतो. दुकान बंद असलं की अंगणात, रबरी हातमोजे घालून. पहिला मोर त्याने असा उतरवला की सुरैय्याने कपाळाला हात लावला. “ह्याले मोर म्हनता? ही तं अंड्यावर बसलेली कोंबडी व्हय.” तो म्हणाला, “तो कोंबडी ही भर दो, दुल्हन का बाप पोल्ट्री फार्मवाला है.” दोघं हसली. मी बऱ्याच दिवसांनी त्या घरात हसू ऐकलं. दामिनीने ट्यूब मिसळणं बंद केलंय, असं ती सांगते. मी मधूनमधून न सांगता जाऊन तिची कपाटं उघडते. तिला ते आवडत नाही.

कातडी शांत व्हायला दीड महिना लागला. सीझन निम्मा गेला. मग तिला घेऊन पुन्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. प्रेशर दोन्हीकडे उतरलं होतं. थेंब कमी करू म्हणाले. डाव्या नसेचं झालं तेवढं नुकसान भरून येणार नाही, पण ते थोडं आहे, कामात आडवं येणार नाही. दर सहा महिन्यांनी दाखवायचं, चुकवायचं नाही. 

सुरैय्याने विचारलं, “आन हे डोयाखालचं कायं?”

डॉक्टरांनी दिव्याखाली तिची खालची पापणी बोटाने हलकेच ताणून बघितली. “आईला होतं का असं?”

“मायले होतं. नानीलेही होतं.”

“चोळल्यामुळे जे वाढलं होतं ते उतरेल. उन्हात गॉगल लावा, डोळ्याला हात लावू नका. पण मूळचं आहे ते राहणार. त्याला औषध शोधत बसू नका.”

तिचा चेहरा असा उतरला, की प्रेशरचा आकडा ऐकतानाही तसा उतरला नव्हता. आम्ही जिना उतरून खाली आलो. मग नाही राहवलं.

“सुरैय्या, नजर वाचली तुझी! आणि तू काळ्याचं दुःख करतेस?”

“मले वाटलं होतं, एवढं सोसलं तं हेही जाईन.”

“अगं पण नजर!”

“समजते मॅडम. खुदाचं शुकर हाय. पन नजर माही मलेच ठाऊक. लोकायले हेच दिसते.” तिने चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत लावला. काळं काचेआड थोडं झाकलं गेलं, थोडं नाही. “चाला. कोंबडीचा मोर करायचा हाय अजून.”

माझ्या तोंडाशी चार वाक्यं आली होती. चारही बरोबर होती. मी ती गिळली आणि रिक्षाला हात केला.